हल्लीच्या तांदळाला वास नाही

पेन्सिलीला वास होता. नुकतंच टोक काढलं असावं, कारण लाकडाचा एक अर्धवट सुटलेला पापुद्रा शिशाशेजारी लटकत होता, आणि उर्जानं तो नखानं काढला तेव्हा वास आला — कोरडा, थोडा गोडसर, जुन्या कपाटाच्या आतल्या बाजूसारखा... नाही, कपाटासारखा नाही, बाबांच्या कंपासपेटीसारखा. मग तिच्या लक्षात आलं की आपण पेन्सिल नाकाशी धरून बसलो आहोत आणि पर्यवेक्षक बाई आपल्याकडे बघताहेत. तिनं पेन्सिल खाली ठेवली. टेबलावर पासपोर्ट, खोडरबर, लेबल काढून टाकलेली पाण्याची बाटली. स्वतःचं काही आणायचं नाही. पेन्सिलसुद्धा केंद्राचीच.

“फ्राऊ योग्लेकार?”

“या,” ती म्हणाली, म्हणजे हो. जोगळेकरचं योग्लेकार, उर्जाचं उर्या. जर्मनीत ‘ज’चा ‘य’ होतो हे तिनं दोन वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलं होतं, तरी दर वेळी हाकेला ओ देण्याआधी एक क्षण जायचा, जणू शेजारच्या खुर्चीवर आणखी कुणी बसलं आहे.

स्वतःचं काही आणायचं नाही — सकाळी बसमध्ये वेदांग हेच म्हणाला होता. वेदांग तिच्या वरच्या मजल्यावर राहतो, एर्लांगेनच्याच विद्यापीठात चार वर्षं पीएचडी करतो आहे, आणि आपल्याला सगळ्याचा अनुभव आहे असं त्याला वाटतं.

“जे माहीत आहे ते घरी ठेवून जा. पासपोर्ट तेवढा घे.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझा उतारा बॅटरीवर आला होता. माझी पीएचडी कशावर आहे?”

“बॅटरीवर.”

“दहापैकी चार.” त्यानं चार बोटं दाखवली. “त्यांनी उताऱ्यात लिहिलेलं चूक होतं गं. मी बरोबर उत्तरं दिली.”

“मग?”

“मग काय, तीन महिन्यांनी परत बसलो. कासवांवर आला. कासवांबद्दल मला काडीचं माहीत नाही. दहापैकी दहा.”

ती हसली होती. जर्मन भाषेच्या परीक्षेचे ऐकणं, लिहिणं, बोलणं हे तिन्ही भाग तिचे मार्चमध्येच झाले होते; राहिलं होतं ते वाचन. वाचन! जिनं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही ती वाचनात राहिली. आणि हे प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत हातात नसेल तर मधुमेहाच्या संशोधनातली ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती, कारण तिथे रुग्णांची संमती घ्यावी लागते आणि, प्रोफेसरांच्या सेक्रेटरीनं ईमेलमध्ये लिहिल्याप्रमाणे, म्हाताऱ्या माणसांना आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे. बरोबरच आहे. जागा गेली तर ऑक्टोबरनंतर इथे राहायला तिच्याकडे कारणच उरणार नव्हतं.

पहिले दोन उतारे नीट गेले. एक शहरांतल्या सायकलींच्या रस्त्यांवर होता, एक लाकडी घरांवर. घड्याळात सव्वीस मिनिटं उरली होती. तिनं पान उलटलं.

तिसरा उतारा नाकावर होता.

तिला बरं वाटलं, मग लगेच भीती वाटली — हे मला माहीत आहे. सगळं नाही, पण बरंच. घ्राणपेशी, नाकाच्या छताशी असलेलं ते नाण्याएवढं पटल, तिथून मेंदूत जाणारे धागे. वेदांगची बॅटरी. तिनं डोळे मिटले आणि जे माहीत आहे ते बाजूला काढून ठेवायचा प्रयत्न केला, जसं प्रयोगशाळेत नमुना हाताळण्याआधी टेबल पुसून घेतात तसं. मग वाचायला लागली.

वयानुसार वासाची क्षमता कमी होते. सर्दी, नाकातली वाढलेली गाठ, विषाणूंचा संसर्ग यांमुळेही ती जाते, कधी परत येते, कधी येत नाही. काही रुग्णांमध्ये मात्र वास जाणं ही पार्किन्सनच्या आजाराची फार आधीची खूण असू शकते; हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीची. परंतु केवळ वास येत नाही एवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढता येत नाही... छान. स्वच्छ वाक्यं. जर्मन भाषेत वैद्यकीय लिहिणारे लोक क्रियापद शेवटी आणून ठेवतात तेव्हा एखाद्यानं जपून चिमट्यानं काहीतरी ठेवावं तसं वाटतं.

उताऱ्याखाली दहा विधानं, प्रत्येकासमोर तीन चौकोन: हो; नाही; मजकुरात याबद्दल काही नाही. या तिसऱ्या चौकोनानं मार्चमध्ये तिचा घात केला होता. ‘नाही’ आणि ‘मजकुरात नाही’ यांतला फरक तिला कळत नव्हता असं नाही — विज्ञान शिकलेल्या माणसाला तो कळायलाच हवा, पुरावा नसणं म्हणजे नसण्याचा पुरावा नव्हे हे तिनं पहिल्या वर्षापासून घोकलं होतं — पण पेन्सिल हातात घेतली की तिसऱ्या चौकोनात खूण करणं तिला पळून जाण्यासारखं वाटायचं.

एकविसावं विधान, हो. बावीस, नाही. तेवीस, हो. चोवीस: बाधित व्यक्तींना हा बदल लगेच जाणवतो. तिनं उताऱ्यात मागे जाऊन वाक्य शोधलं. बदल इतका हळू होतो की अनेकांना तो जाणवतच नाही. आपली क्षमता कमी झाली असं त्यांना वाटत नाही, तर वस्तू बदलल्या असं वाटतं. कॉफी पूर्वीसारखी राहिली नाही, ब्रेडमध्ये काही राम उरला नाही, अशी तक्रार ते करतात.

म्हणजे चोवीस: नाही.

तिनं खूण केली. पंचविसाव्या विधानाकडे गेली आणि तिथे पोचलीच नाही.

हल्लीच्या तांदळाला वास नाही.

हे वाक्य कुणीतरी म्हणालं. खोलीत कुणी बोललं नव्हतं, बारा माणसं माना खाली घालून बसली होती, रेडिएटरमधून पाणी गेल्याचा आवाज येत होता. वाक्य बाबांचं होतं. बाबा पाटावर नाही, डायनिंग टेबलाशी बसलेले, वरणभाताचा पहिला घास बोटांत धरलेला, तो तोंडाऐवजी नाकाशी नेऊन... “हल्लीच्या आंबेमोहोराला वास येत नाही.” किती वेळा? शंभर वेळा. दोनशे. घरातलं ते एक ठरलेलं वाक्य होतं, देवापुढच्या घंटेसारखं, कुणी ऐकत नसे. आई दर वेळी म्हणायची, “मला तर येतो बाई थोडा.” आणि बाबा म्हणायचे, “तुझं काय, तुला कशालाही वास येतो.” आणि सगळे हसायचे. मीही हसायचे.

कॉफी पूर्वीसारखी राहिली नाही. तांदळाला वास येत नाही.

थांब. तिनं पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून ठेवलं, जागा हरवू नये म्हणून. जर्मनमध्ये माणूस वास घेतो. कर्ता माणूस असतो, वास आला नाही तर प्रश्न माणसाला विचारता येतो. आपल्याकडे वास येतो. तांदळाला येतो, दुधाला येतो, मला येतो — विभक्तीसुद्धा तीच. तांदळाला वास येत नाही, बाबांना वास येत नाही. वाक्य एकच, फक्त एक नाम उचलून दुसरं ठेवायचं. आणि पाच वर्षं... पाच की सहा?... आम्ही चुकीच्या नामाकडे बघत बसलो. आईनं तीन दुकानं बदलली. मावळातल्या एका शेतकऱ्याकडून थेट पोतं आणवलं. आणि मी, त्या वेळी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी, मी टेबलाशी बसून समजावून सांगितलं होतं: बाबा, तो वास म्हणजे एक विशिष्ट रेणू असतो, तांदूळ जुना झाला की तो उडून जातो, त्यात नवल काही नाही. बाबा किती खूश झाले होते. आल्यागेल्याला सांगत सुटले, आमची उर्जा म्हणते साठवणीत वास उडतो.

तुलनेसाठीचा नमुना, आई, स्वयंपाकघरात उभी होती, हातात डाव घेऊन. मला तर येतो बाई थोडा. एकही शास्त्रज्ञ अशी चूक करणार नाही...

अठरा मिनिटं.

पंचवीस. हो. सव्वीस. उताऱ्यात शोध. हो? हो. सत्तावीस: ज्याला वास येत नाही त्याला पुढे पार्किन्सनचा आजार होतो.

नाही. उत्तर स्पष्ट आहे — ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं उताऱ्यात आहे, बहुतेकांना होत नाही असंही त्याच परिच्छेदात आहे. नाही. चौकोन समोर आहे, पेन्सिल हातात आहे. पण तिला खूण करवेना, कारण आता ते उत्तर आकड्यांचं राहिलं नव्हतं. ‘नाही’वर खूण करणं म्हणजे बाबांसाठी काहीतरी मागणं होतं, आणि परीक्षेच्या कागदावर असं मागून घेतलेलं काही चालत नसणार.

आणि बाबांना कोविड झाला होता. होय! एप्रिल एकवीसमध्ये. तिघांनाही. वास तिघांचाही गेला होता, पंधरा दिवसांत आईचा आला, माझा आला, बाबा म्हणाले आला, आला. कुणी तपासलं? कुणी नाही. म्हणजे विषाणू. म्हणजे उताऱ्यातला दुसरा परिच्छेद, तिसरा नव्हे. काहींचा वास परत येत नाही, एवढंच, त्यापुढे काही नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं सत्तावीसमध्ये ‘नाही’वर खूण करून टाकली.

मग दुकान आठवलं.

कोपऱ्यावरचे दत्ताशेठ, काउंटरवर उघडं पोतं, बाबांनी मूठभर आंबेमोहोर घेऊन तळव्यांवर चोळला, नाकाशी नेला. “याला वास कुठाय?”

“सर, आंबेमोहोरच आहे. घेऊन बघा, शिजवल्यावर येईल.”

“चाळीस वर्षं खातोय मी. मला शिकवू नका.”

“नाही सर, शिकवणार तुम्हीच.” दत्ताशेठांचा मुलगा बाबांच्या चित्रकलेच्या वर्गात होता, ते टोमणा मारत होते की मान देत होते हे कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून दुकान बंद. म्हणजे आमच्यापुरतं. तो पहिला दिवस, तिथून तांदळाची कटकट सुरू झाली. हा दिवस कधीचा? एप्रिल एकवीसच्या आधीचा असेल तर विषाणूचा काही संबंध नाही. नंतरचा असेल तर... सगळं एवढ्या एका तारखेवर आहे. तिनं ते दृश्य समोर धरलं. बाबांचा हात नाकाशी जातो. तोंडावर मास्क आहे का? त्या काळात असणारच, हनुवटीवर ओढलेला, निळा, ज्याच्या कडा बाबा धुऊन धुऊन विरवून टाकायचे. आहे. ती मास्क बघू शकत होती. मग तिनं पुन्हा पाहिलं, आणि मास्क नव्हता. बाबांच्या दाढीची पांढरी खुंटं, ओठांवर तांदळाचा पिठूळ थर. तेही तितकंच स्पष्ट. दत्ताशेठांच्या तोंडावर? आहे... नाही. काउंटरवर ती प्लास्टिकची काच? सॅनिटायझरची बाटली? मी जे शोधत होते ते सापडत होतं. ही आठवण नव्हती, मी तिथे वस्तू आणून ठेवत होते आणि उचलत होते.

मजकुरात याबद्दल काही नाही.

अकरा मिनिटं. अठ्ठावीस: बाधित व्यक्तीच्या कुटुंबीयांच्या हा बदल आधी लक्षात येतो.

तिनं विधान दोनदा वाचलं. उताऱ्यात कुटुंबीय हा शब्दच नव्हता. वरून खाली, खालून वर, तिनं बोट फिरवलं. नाही. म्हणजे तिसरा चौकोन, लहान मुलालाही कळेल. आणि तिची पेन्सिल दुसऱ्यावर गेली. नाही. लक्षात येत नाही. मला माहीत आहे, मी त्या घरात होते, मी रेणूचं नाव सांगितलं. खूण केली. खोडली. जे माहीत आहे ते घरी ठेव. तिसऱ्यात केली. मग वाटलं सत्तावीसही चूक असेल, तेही खोडलं. आपल्याला जे हवं आहे तेच आपण उताऱ्यात वाचलं असं तर झालं नाही ना? आणि हा विचार करत असताना आणखी एक गोष्ट समोर आली, जी उताऱ्यात कुठेच नव्हती, जी तिला दुसरीकडून माहीत होती: या आजारात अक्षर बारीक होत जातं. गेल्या महिन्यात आलेलं मेतकुटाचं पार्सल. वरचा पत्ता बाबांच्या हातचा. चित्रकलेच्या सरांचं अक्षर, ज्यावरून वर्गातली मुलं फलक रंगवायला शिकायची, ते मुंगीएवढं... पण पोस्टाचा फॉर्मच तेवढा होता, रकाना तेवढाच होता, त्यात ‘एर्लांगेन’ बसवायचं म्हणजे कुणीही बारीकच लिहील. तिनं रबर इतकं घासलं की कागदावर राखाडी ढग आला, सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या सहाही चौकोनांवर.

“अजून तीन मिनिटं,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

एकोणतीस आणि तीस तिनं न वाचताच केली असावीत. सत्तावीस आणि अठ्ठावीसमध्ये शेवटी कुठे खूण राहिली, हे कागद उचलला गेला त्या क्षणी तिला आठवेना. प्रत्येक उताऱ्यात दहापैकी सहा लागतात. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दर वेळी दुसराच आकडा आला.

बाहेर वेदांग बसथांब्याच्या बाकावर कानांत इअरफोन घालून बसला होता.

“कशावर आला?”

“नाकावर.”

“मग मेलीस तू. तुला नाक येतं.” तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. मग म्हणाला, “डोक्यात काय आहे तुझ्या?”

“गोंधळ.”

“नाही गं, पेन्सिल आहे.”

तिनं हात मागे नेला. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली होती. कधी खोचली कोण जाणे. परत द्यायला जायला हवं होतं. “तू हो पुढे,” ती म्हणाली, “मला घरी फोन करायचाय.” बस आली, तो गेला.

तिकडे दुपारचे साडेतीन झाले असतील. चहाची वेळ. फोन आईनं घेतला.

“झाली का गं? कशी गेली?”

“झाली. आई, दत्ताशेठांशी बाबांचं तांदळावरून भांडण झालं होतं ना, ते कधी?”

“आता हे काय मधेच? एक भांडण असतं का त्यांचं?”

“ते पहिलं. तेव्हा मास्क होते का तोंडाला?”

“कुणाच्या?”

“कुणाच्याही.”

“अगं मी कुठे गेले होते दुकानात, तू गेली होतीस त्यांच्याबरोबर. काय झालंय? पेपर कठीण होता का?” आणि फोनपासून तोंड बाजूला करून, “अहो, घ्या. उर्जा आहे. काहीतरी मास्कचं विचारतीये.”

खुर्ची सरकली. कप खाली ठेवल्याचा आवाज.

“बोल, योग्लेकार!” बाबांना ही गंमत तिनंच सांगितली होती. “सुटलीस का?”

“बघू. दोन आठवड्यांनी कळेल.”

“होणार. वाचनच तर आहे. पेनानं होती का पेन्सिलनं?”

“पेन्सिल. तीच देतात. चुकून घेऊन आले मी.”

“चोर. कुठली आहे? एच-बी?”

तिनं पेन्सिल फिरवून पाहिली. “एच-बी.”

“जर्मन पेन्सिल म्हणजे प्रश्नच नाही. लाकूड बघ, रेषा सरळ असतील. वास येतो का तिला?”

उर्जा बाकावर बसली.

“येतो,” ती म्हणाली.

“येणारच. सीडारचं लाकूड असणार. नाहीतर आमच्याकडे बघ, रविवारच्या वर्गाला परवा दोन डबे आणले, हेच नाव, हीच कंपनी, म्हटलं मुलांना चांगली सवय लागू दे. टोक काढून पाहिलं, तर काही नाही. कागद सोलल्यासारखं. हल्लीच्या पेन्सिलींना वासच येत नाही गं.”

पलीकडे आईनं चमच्यानं कपात काहीतरी ढवळलं. तिला तो आवाज ऐकू आला, आल्याचा वास आला नाही, फोनमधून तो येत नसतो, आणि क्षणभर तिला कळेना की त्या स्वयंपाकघरातल्या चहाचा वास ज्यांना येत नाही अशी किती माणसं आहेत, एक की, तिला धरून, दोन.

“बाबा.”

“हं.”

“त्यातली एक आईला द्या ना.”

“तिला कशाला? ती काय चित्रं काढणार आता?”

“नुसती द्या. टोक काढून. म्हणावं, वास येतो का सांग.”

बाबा हसले. “तुझं काय चाललंय आज? बरं, थांब.” आणि मोठ्यानं, “अगं, इकडे ये जरा. मुलीला परीक्षा घ्यायचीय म्हणे तुझी.”

फोन टेबलावर ठेवला गेला. ड्रॉवर ओढला, अडकला, पुन्हा ओढला. टोकयंत्राचा करकर आवाज सुरू झाला. बाबा सावकाश फिरवायचे, टोक मोडू नये म्हणून... की सावकाश फिरत होतं? एक फेरा. थांबणं. एक फेरा. पूर्वी असंच होतं का? उर्जानं डाव्या हातातली पेन्सिल नाकाशी नेली. आईनं अजून काही सांगितलेलं नव्हतं, आणि जोवर ती काही सांगत नव्हती तोवर... त्या पेन्सिली भिकार असू देत, तिच्या मनात आलं, दोन्ही डबे, खोट्या, लाकडाऐवजी भुसा दाबून केलेल्या, तांदूळसुद्धा खोटा असू दे, दत्ताशेठ लबाड असू देत, सगळं पुणं भेसळीचं असू दे. तिनं खोल श्वास घेतला. वास आला. म्हणजे आला असं वाटलं. सकाळचाच तो, कंपासपेटीचा, पण तो या लाकडातून येत होता की तिला नुसता आठवत होता, हे तिला सांगता येईना, आणि ते नक्की करण्यासाठी ती पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिली, पलीकडची करकर थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही.